डस्ट माइट आणि लेकीची खोली: डोंबिवलीतल्या आठ महिन्यांच्या नोंदी

लेक सात वर्षांची, दुसरीत. डोंबिवली पूर्वेला चौथ्या मजल्यावर घर, वर थेट गच्ची. तिची खोली दहा बाय नऊ फुटांची. पश्चिमेला एक खिडकी, लोखंडी कॉट, कापसाची गादी, सावरीची उशी, भिंतीलगत पुस्तकांचं मांडणीवजा कपाट आणि कॉटखाली खोक्यांचा ढीग. दीड वर्ष रोज सकाळी उठल्या उठल्या तिला शिंका यायच्या. दहा, बारा, कधी त्याहून जास्त. नाक इतकं चोंदायचं की रात्रभर तोंड उघडं टाकून झोपायची. तळहाताने नाक वर चोळून चोळून नाकावर आडवी रेघ उमटली होती. तोपर्यंत ‘सर्दी’ म्हणून तीनदा अँटिबायोटिक देऊन झालं होतं. खरं कारण निघालं डस्ट माइट, म्हणजे गादी-उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे.

या नोंदी ठेवल्या त्या कुणा दुसऱ्या आईबापांचा वेळ वाचावा म्हणून. बायको रोज सकाळी कॅलेंडरच्या चौकटीत एक आकडा लिहायची. शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांची खाज आणि रात्रीचा खोकला, प्रत्येकाला ० ते ३. म्हणजे सगळ्यात वाईट दिवस १२चा. खाली जिथे नुसतं ‘आकडा’ म्हटलंय, दिवस किंवा रात्र सांगितली नाही, तिथे त्या आठवड्याची सरासरी समजा.

१९ मे २०२४, रविवार

नोंदी आजपासून, कारण आज मोठी चूक झाली. पावसाळ्याआधी गादी मोकळी करून घ्यावी म्हणून पिंजाऱ्याला गच्चीवर बोलावलं. गादी सहा वर्षांपूर्वीची. कापूस पिंजताना जो धुरळा उडाला तो उन्हात चांदीसारखा चमकत होता आणि लेक दोन हातांच्या अंतरावर उभी राहून बघत होती. अर्ध्या तासात तिचे डोळे सुजले, पाणी वाहायला लागलं, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज. बालरोगतज्ज्ञांकडे पळालो. त्यांनी वाफाऱ्याचं औषध दिलं आणि पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, ‘हिची अ‍ॅलर्जीची तपासणी केलीय का?’

इतके दिवस आम्ही शाळा, आइस्क्रीम आणि हवाबदल यांना दोष देत होतो. कारण रोज रात्री तिच्या गालाखाली होतं.

२७ मे

त्वचेवरची टोचणी-चाचणी करायला गेलो आणि तसेच परत आलो. आदल्या रात्री तिला सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीच्या औषधाचं सिरप दिलं होतं. ते अंगात असताना चाचणीचे फोड उठतच नाहीत, आठवडाभर आधी बंद करावं लागतं. वेळ घेताना हे विचारायचं सुचलं नाही. एक रजा आणि एक आठवडा गेला. त्या आठवड्यात औषध नसल्यामुळे आकडा ९वर होता.

३ जून

चाचणी झाली. हातावर थेंब, त्यावर हलकीशी टोचणी, पंधरा मिनिटं थांबायचं. रडली नाही. नुसत्या मिठाच्या पाण्याला काही नाही, हिस्टामिनला ५ मिलिमीटरचा फोड (ही तुलनेसाठीची टोचणी, ती उठायलाच हवी). डर्मॅटोफॅगॉइड्स या नेहमीच्या डस्ट माइटला ८ मिलिमीटर. ब्लोमिया या दमट प्रदेशातल्या माइटला ५. झुरळाला जेमतेम ३. परागकण, मांजर, बुरशी, सगळं कोरं. खर्च ३,२०० रुपये. आमच्या सगळ्या खर्चात याला पहिला नंबर, कारण यामुळे शत्रू एकच उरला.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. हे किडे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, डोळ्यांना दिसत नाहीत, माणसाच्या झडलेल्या कातडीवर जगतात. ते पाणी पीत नाहीत, हवेतली ओल अंगात शोषून घेतात. त्यांची विष्ठा नाकात गेली की त्रास होतो, म्हणजे किडा मेला तरी मागे राहिलेला कचरा त्रास देतच राहतो. दुसरी गोष्ट, नाकातला स्टेरॉइडचा फवारा रोज एकदा, आणि त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात.

८ जून

हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं. ११,५०० रुपये. घाई माझी. डोक्यात एवढंच होतं की अ‍ॅलर्जी म्हणजे हवा, तर हवा गाळायची. चाचणीचे कागद घेऊन पुढच्या भेटीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की माइटचा कचरा जड असतो. गादी हलली की उडतो आणि अर्ध्या तासात खाली बसतो. तो गादीत, उशीत, पांघरुणात असतो. लेक उशीत नाक खुपसून झोपते, तिच्या नाकात आणि उशीत बोटाचं अंतर नाही. कोपऱ्यातलं यंत्र त्या बोटभर अंतरात काय करणार?

१३ जून

आणखी एक कबुली. फवारा आम्ही दहा दिवसांनी आपल्या मनाने थांबवला होता. ‘स्टेरॉइड’ हा शब्द दोघांच्याही मनात खुपत होता आणि फरकही दिसत नव्हता. आज फोन करून विचारलं. नाकातल्या फवाऱ्यात औषध अगदी थोडं असतं आणि ते बहुतेक जागच्या जागीच काम करतं, मुलीची उंची दर तपासणीला मोजू, असं सांगून डॉक्टरांनी परत सुरू करायला लावला. मनात शंका असेल तर विचारावी, औषध परस्पर बंद करू नये. आमचे दहा दिवस पुन्हा शून्यापासून.

१६ जून, रविवार

आता गादीकडे वळलो, पण तिथेही चुकीच्या टोकाने. ४,८०० रुपयांचा व्हॅक्यूम क्लीनर आणून गादी दोन्ही बाजूंनी ओढून काढली. पिशवीत मूठभर करडी भुकटी जमली. ती बघून फार समाधान वाटलं. रात्री आकडा ११. यंत्राच्या मागच्या झरोक्यासमोर काळं फडकं धरून पाहिलं, तेव्हा कळलं की बारीक धूळ मागून परत खोलीतच येत होती. ज्यात बारीक धूळ अडवणारी हेपा गाळणी नाही तो क्लीनर अशा खोलीत वापरू नये. शिवाय जिवंत माइट कापसाच्या तंतूंना घट्ट धरून बसतात, ओढून निघत नाहीत.

त्याच रात्री सावरीची उशी काढून टाकली. ही उशी तिच्या जन्माच्या वेळची, माझ्या सासूबाईंनी गुहागरहून शेंगा आणून भरलेली. मऊ, हलकी, आणि सात वर्षांत एकदाही आतून न धुतलेली, कारण सावर धुता येतच नाही. बायकोने ती बराच वेळ हातात धरून ठेवली आणि मग स्वतःच खाली नेऊन दिली. नवीन धुता येणारी फायबरची उशी ३८० रुपये. तीन दिवसांत आकडा ७. फवाराही त्याच सुमारास लागू पडत असणार, त्यामुळे सगळं श्रेय उशीला देत नाही. पण पहिल्याच सकाळी शिंका चार होत्या.

२२ जून

गरम पाण्याचा दिवस. माइट मारायला पाणी ५५ अंशांच्या वर हवं, ६० असेल तर निर्धास्त. थंड पाण्याने कचरा बराच निघतो, किडे मात्र बहुतेक वाचतात.

पहिला प्रयत्न: आमचं मशीन वरून कपडे टाकायचं, त्याला हीटर नाही. गिझरचं पाणी बादलीत ५८ अंश भरलं, मशीनमध्ये कपड्यांवर ओतलं, पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातला थर्मामीटर घातला तर ४४. कपडे आणि ड्रम मिळून सगळी ऊब पितात. मोजलं नसतं तर वर्षभर ४४ अंशांत धूत राहिलो असतो.

दुसरा प्रयत्न: मोठ्या टोपात दहा लिटर पाणी उकळलं. जाड प्लॅस्टिकच्या टबात चादर, उशीचा अभ्रा आणि गोधडी टाकून आधी सात लिटर साधं पाणी घातलं, मग उकळतं. सुरुवातीला ६६ अंश. वर पाट झाकण म्हणून ठेवला. अर्ध्या तासाने ५७. जमलं. त्यानंतर तेच कपडे नेहमीसारखे मशीनला.

दोन सूचना. हे काम लेक शाळेत असतानाच करायचं, उकळत्या पाण्याचा टोप आणि घरात धावणारं मूल एकत्र नको. आणि रंग जातो. तिची आवडती निळी चादर पहिल्याच धुण्यात फिकट झाली, आता फक्त पांढऱ्या आणि फिक्या सुती चादरी. चादर-अभ्रा दर आठवड्याला, गोधडी पंधरा दिवसांनी. गॅस सिलिंडर पूर्वीपेक्षा पाच-सहा दिवस आधी संपतो.

गोधडीबद्दल मनात भीती होती की तीही जाणार. माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली, टाके हाताचे. उलट ती सगळ्यात टिकाऊ निघाली. आत कापूस नाही, नुसते कापडाचे थर. उकळत्या पाण्यातून निघते, दोन उन्हांत वाळते. दुकानातली जाड फुलाफुलांची रजई मात्र टबात मावतही नाही आणि आतून वाळतही नाही, ती बंद केली.

३० जून

गादीची खोळ. इथे दोनदा पैसे दिले. पहिल्यांदा ‘माइटप्रूफ’ लिहिलेलं ९०० रुपयांचं आवरण घेतलं, घरी आल्यावर पाहिलं तर चार कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर. वरून झाकते, खालून गादी उघडीच. किडे काय वरूनच येतात? हवी ती सहाही बाजूंनी बंद होणारी, चेन असलेली खोळ. आणि विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: कापडाचं छिद्र किती मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग)? १०च्या आत हवं. ज्याला आकडा सांगता येत नाही त्याच्याकडून घेऊ नये. दुसरी खोळ २,६०० रुपये, उशीची ५५०. कापड घट्ट विणीचं आहे, प्लॅस्टिक नाही, त्यामुळे घाम येत नाही आणि कूस बदलताना चरचर होत नाही. चेन जिथे संपते तिथे दोन बोटं फट राहते, तिथे कापडी चिकटपट्टी लावली.

आठवड्याचा आकडा ५. आम्हाला वाटलं, जिंकलो.

८ जुलै, सोमवार

रात्रभर कोसळला. लोकल ठप्प, मी घरी. दिवसभर खोलीत बसल्यावर जे रोज डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं ते दिसलं: तिच्या खोलीत पंख्याखाली दोन दोऱ्या बांधून आम्ही घरभराचे ओले कपडे वाळत घालतो. पावसाळ्यात हे सगळेच करतात, कारण दुसरी जागा नसते. पण मशीनमधून निघालेल्या कपड्यांतलं तीन-चार लिटर पाणी रोज त्या खोलीच्या हवेत, तिथून गादीत. माइटला याहून काय हवं? दोऱ्या सोडल्या आणि बाहेरच्या खोलीत बांधल्या. पाहुणे आले की दिसतं, दिसू दे.

आर्द्रता मोजायची छोटी यंत्रं दोन मागवली, प्रत्येकी ४०० रुपये.

१४ जुलै

दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली. एक म्हणतं ८१, दुसरं ६८. कुणाचं खरं? आतापर्यंत आम्ही ६८वाल्याकडे बघून खूश होतो. तपासायची घरगुती युक्ती अशी: बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं (विरघळू द्यायचं नाही), ते आणि यंत्र हवाबंद डब्यात बारा तास ठेवायचं. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. आमचं एक ७७ दाखवत होतं, दुसरं ६४. दुसऱ्यावर ‘+११’ची चिठ्ठी चिकटवली. म्हणजे खोली प्रत्यक्षात ७९ होती. माइटला सुकवायचं तर ५०च्या खाली सातत्याने राहायला हवं. जुलैतल्या डोंबिवलीत हा आकडा नुसत्या खिडकी-पंख्याने येणार नाही, हे त्या दिवशी मान्य केलं.

२१ जुलै

आकडा परत ८. फवारा चालू, खोळ जागेवर, चादरी गरम पाण्यात, तरी ८. खोळीची चेन उघडली आणि कुबट वास आला. गादीच्या खालच्या अंगाला हिरवट-काळे ठिपके. पावसात ओल पिऊन बसलेली कापसाची गादी आम्ही ३० जूनला तशीच खोळीत कोंडली होती. मे महिन्यातल्या कडक उन्हात दोन दिवस सुकवून मग बंद केली असती तर कदाचित टिकली असती. जूनअखेर ऊन होतंच कुठे? माइटच्या नादात बुरशी जोपासली. ही चूक आतापर्यंतची सगळ्यात वाईट, कारण तीन आठवडे ती त्यावर झोपली आणि आम्ही निर्धास्त होतो.

गादी त्याच दिवशी बाहेर. चार इंची फोमची नवीन, ४,२०० रुपये. खोळ ६० अंशांच्या पाण्यात दोनदा धुऊन, पंख्याखाली दोन दिवस पूर्ण वाळवून नव्या गादीवर, म्हणजे या वेळी कोऱ्या आणि कोरड्या गादीवर. फोममध्येही माइट होतात. पण पहिल्या दिवसापासून खोळीत असेल तर त्यांना आत शिरायला वाट नाही. कॉटवरची फळी काढून लाकडी पट्ट्या बसवल्या, गादीला खालून हवा लागते.

२८ जुलै

ओल ओढणारं यंत्र, डिह्युमिडिफायर, ओळखीच्या घरातून जुनं ९,५०० रुपयांना घेतलं. पहिल्या रात्री झोपताना लावलं. सकाळी टाकीत साडेतीन लिटर पाणी. दहा बाय नऊच्या खोलीतलं हे पाणी बघून बायको गप्पच झाली. पण यंत्र गरम हवा सोडतं, खोली दोन अंशांनी तापली, आवाजही आहे, लेक रात्री दोनदा उठली. आता पद्धत अशी: दुपारी चार ते रात्री नऊ दार-खिडकी बंद करून यंत्र चालू, ती बाहेर खेळते-जेवते. नऊला बंद, मग पंखा. नऊला ५२ असतं, सकाळी ६३. ५०च्या खाली सातत्याने ठेवणं जमलेलं नाही, पण ७९वरून इथे आलो. खिडकीच्या फटींना फोमची पट्टी लावली, त्याने सकाळचा आकडा चार टक्क्यांनी उतरला. वीज तासाला साधारण पाव युनिट, म्हणजे रोज सव्वा युनिट.

१० ऑगस्ट

मऊ खेळणी. अठरा होती. बसून तिलाच निवडायला सांगितलं: तीन ठेव, बाकी सोसायटीतल्या मुलांना दे. तासभर विचार करून तिने अस्वल, ससा आणि एका कानाचा हत्ती ठेवला. ही तीन गरम पाण्यात टिकणारी नाहीत, म्हणून फ्रीझरची वाट. घट्ट पिशवीत बांधून दोन रात्री. फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवला तर उणे ११ होतं, एवढ्याने भागत नाही. बटण शेवटपर्यंत फिरवल्यावर उणे १७. ‘बाबा, हत्तीला थंडी वाजेल’ म्हणाली, म्हणून पिशवीत तिचा जुना रुमालही घातला. दोन रात्रींनंतर साध्या पाण्याने धुतली. हे धुणं टाळायचं नाही, मेलेले किडे आणि त्यांचा कचरा खेळण्यातच असतो. महिन्यातून एकदा तिघांचा मुक्काम फ्रीझरमध्ये.

१८ ऑगस्ट

सकाळी घोळणा फुटला. पांढऱ्या अभ्र्यावर रक्त बघून धसकलो. दोष फवाऱ्याचा नव्हता, आमच्या हाताचा होता. आम्ही नळी सरळ, नाकाच्या मधल्या पडद्यावर धरत होतो. डॉक्टरांनी करून दाखवलं: उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, टोक बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे. मान किंचित खाली. जोरात हुंगायचं नाही. अडीच महिने औषध पडद्यावर आपटत होतं. तीन दिवस थांबून नव्या पद्धतीने सुरू केलं, नंतर रक्त आलं नाही. आकडा ४, आणि महिनाअखेर ३.

७ ते १२ सप्टेंबर

गौरी-गणपतीला कराडला, आईकडे. पाहुण्यांसाठी माळ्यावरून गाद्या आणि उशा निघाल्या, वर्षभर गुंडाळून ठेवलेल्या. रात्री अकराला पोचलो, कोण तपासतंय? लेक चुलत भावंडांच्या ओळीत झोपली. पहाटे तीनला तिला बसवून श्वास घ्यायला लावावा लागला. आकडा १०, चार दिवस. सोबत वाफाऱ्याचं औषध होतं म्हणून निभावलं.

आईला फार लागलं. ‘माझ्या घरात पोरीला त्रास झाला,’ एवढंच परत परत. तिला सगळं सांगितलं, माइट, खोळ, गरम पाणी. ती ऐकून म्हणाली, ‘अरे, मग आम्ही दुसरं काय करत होतो? नवरात्राच्या आधी घरातलं एकूण एक पांघरूण कृष्णेच्या घाटावर जायचं. दिवसभर आपटायचं, वाळवंटात उन्हात टाकायचं. तेव्हा कुठे घट बसायचे. आता कंबर चालत नाही, म्हणून राहिलं.’

त्या गाद्यांना तीन वर्षं ऊन लागलं नव्हतं.

पुढच्या प्रवासासाठी ठरवलं: तिची खोळ घातलेली उशी आणि गोधडी सोबत जाणार, कुठेही. एक पिशवी वाढते, वाढू दे.

२८ आणि २९ सप्टेंबर

घटस्थापना ३ ऑक्टोबरला, त्याआधी दसरा काढला. इकडे शहरात दिवाळीची साफसफाई म्हणतात, आमच्याकडे दसरा काढणे. लेकीला दोन्ही दिवस मैत्रिणीकडे पाठवलं, आणि काम संपल्यावर चार तास ती खोलीत येणार नाही असं ठरवलं.

माळ्यावर जुनी मखरं, पिशव्या, कोट, पाळण्यातली गादी. निम्मं गेलं, उरलेलं झाकणाच्या डब्यांत. कॉटखालची खोकी सगळी काढली, आता तिथून ओलं फडकं सरळ फिरतं. जाड पडदे उतरवून पातळ सुती, जे महिन्याला धुता येतात. पुस्तकं काचेच्या दारामागे. पंख्याच्या पात्याला जुना अभ्रा चढवून पुसत मागे ओढायचा, धूळ अभ्र्यातच राहते, खाली गादीवर पडत नाही. फरशी कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसतो. कामाला येणाऱ्या मावशींना कारण सांगितलं. त्यांच्या नातवालाही असाच त्रास आहे, आता त्याच्या उशीची चौकशी आम्ही करतो.

मी नाकाला पट्टी बांधली होती, तरी संध्याकाळी मलाच अकरा शिंका आल्या. बायकोने कॅलेंडरवर माझाही आकडा लिहिला.

६ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन वाया घालवू नये. बांधकामाला वापरतात तसला काळा प्लॅस्टिकचा कागद, १८० रुपये. गच्चीवर गोधड्या आणि मोठ्यांच्या उशा पसरून वरून काळा कागद, कडांना विटा. दुपारी दोनला दोन थरांच्या मध्ये थर्मामीटर: ५६. कागद नसलेल्या गोधडीत ४३. चार वाजता सगळं उलटून अजून एक तास. उन्हाने किडे मरतात आणि ओल जाते, कचरा मात्र राहतो, म्हणून उन्हानंतर धुणं किंवा निदान गच्चीवरच जोरात झटकणं, आणि ते करताना लेक खाली.

आमची मोठ्यांची गादीही या वेळी खोळीत घातली. ती पहाटे आमच्यात येऊन झोपते हे चार महिने आम्ही हिशेबातच धरलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

दिवाळीत आकडा २वरून ६. लगेच गादी-उशी तपासायला घेतली. पण या वेळी डोळ्यांना खाज नव्हती, शिंका कमी, नुसता खोकला, आणि तो संध्याकाळी, सकाळी नाही. हा धूर. खिडकी पश्चिमेला रस्त्यावर, फटाके तिथेच. खिडकी बंद, आणि जूनमध्ये आणलेलं ते ११,५०० रुपयांचं यंत्र इथे उपयोगी पडलं, दोन दिवसांत खोकला उतरला. माइटचा त्रास सकाळचा आणि बिछान्याजवळचा, धुराचा कुठल्याही वेळचा. कॅलेंडरवर वेळही लिहीत असतो तर हे आधीच कळलं असतं. संध्याकाळची धूप आणि मच्छरांची कॉइल तिच्या खोलीत बंद केली, खिडकीला जाळी आहे.

८ डिसेंबर

हिशेब लावला. एकूण ३८,६१० रुपये. त्यातले १७,२०० (हवेचं यंत्र, व्हॅक्यूम, चादरीसारखं आवरण) घाईत गेले, पैकी पहिल्याने दिवाळीत थोडी परतफेड केली. चाचणीचे ३,२००. उरलेले १८,२१० उशी, दोन्ही खोळी, ओल मोजायची यंत्रं, गादी, डिह्युमिडिफायर आणि काळा कागद यांवर. मोठ्यांच्या गादीची खोळ आणि औषधं यात धरलेली नाहीत. हातात पैसे कमी असतील तर उशी, उशीची खोळ आणि गरम पाणी एवढ्यावर सुरू करा, हजाराच्या आत होतं. त्यानंतर गादीची खोळ, पण कोरड्या गादीवर. ओल ओढणारं यंत्र कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्याकडे लागेल. घाटावर पावसाळा सोडला तर हवाच कोरडी असते.

आकडा २. डॉक्टरांनी फवारा एक दिवसाआड केला आहे. उंची मे महिन्यापासून तीन सेंटिमीटर वाढली. अ‍ॅलर्जीची लस, म्हणजे तीन वर्षं चालणारे उपचार, यावर पुढच्या पावसाळ्याचे आकडे बघून ठरवू.

२५ डिसेंबर, कराड

नाताळच्या सुट्टीत चार दिवस. रात्री साडेनऊला पोचलो. आईने आधीच फोनवर खोळीचं माप, छिद्राचा आकडा आणि चेनीचं सगळं विचारून घेतलं होतं. मधल्या खोलीत बिछाना घातलेला होता. गादी नवीन, उशी नवीन, दोन्ही खोळीत, चेनीच्या टोकाला पांढरी चिकटपट्टी. पांघरायला गोधडी, उन्हाचा वास येत होता. आमची पिशवी उघडायची वेळच आली नाही.

सकाळी आईच लेकीच्या आधी उठून दारात बसली होती, शिंका मोजायला. एक.